वेशीबाहेर कोण राहिले?

उपदेशकाच्या नवव्या अध्यायात एका लहानशा नगराची गोष्ट आहे. ती इतकी थोडक्यात सांगितली आहे की वाचता वाचता नजर तिच्यावरून पुढे निघून जाते. नगर लहान, त्यातली माणसे थोडकी. एक बलाढ्य राजा त्याच्यावर चालून येतो, वेढा घालतो, मोर्चे बांधतो. त्या नगरात एक गरीब पण शहाणा मनुष्य असतो. तो आपल्या शहाणपणाच्या बळावर नगर वाचवतो. पुढे त्या गरिबाची आठवण कोणी ठेवत नाही. गोष्ट संपली. नगराचे नाव नाही, राजाचे नाव नाही, आणि ज्याने सर्वांस वाचवले त्याचेही नाव नाही.

या वचनांवर आम्ही आजवर दोनतीनदा बोललो आहोत. प्रत्येक वेळी आमचा सारा भर माणसांच्या कृतघ्नतेवर असे. ऐकणारे मान डोलावीत, कारण कृतघ्नता ही नेहमी दुसऱ्यांची असते. परंतु या गोष्टीतील एक साधी बाब आमच्या ध्यानात कधी आलीच नव्हती. ती आम्हांला बऱ्हाणपुरात उमगली, आणि उमगण्याचे कारण आमच्याच मंडळीने बांधलेली एक भिंत होती. म्हणून भिंतीची हकिकत आधी सांगितली पाहिजे.

आमच्या मंदिराच्या आवारात एका वर्षात दोनदा चोरी झाली. प्रथम पाण्याची मोटर गेली, मग ध्वनिक्षेपक गेला. पंचांची सभा भरली आणि आवाराला उंच भिंत व लोखंडी फाटक करावे असे ठरले. आता मंदिराच्या मागे अगदी लागून तीन घरे आहेत. त्यांतील माणसे सफाईच्या कामावर जातात. दोन घरे उपासनेला येतात, तिसरे येत नाही. जमीन मंडळीची नाही, त्यांची आहे. पण त्यांचे पाणी मात्र कित्येक वर्षांपासून आमच्या आवारातल्या नळावरचे. भिंतीची आखणी झाली तेव्हा नळ आत आला आणि घरे बाहेर राहिली. एका वडिलांनी सभेत हे बोलून दाखवले. दुसऱ्यांनी उत्तर दिले की आधी आपले सांभाळू, मग दुसऱ्यांचे पाहू. मत घेतले तेव्हा सर्वांबरोबर आमचाही हात वर गेला. आम्ही काही वाईट करीत आहोत असे आम्हांला मुळीच वाटले नाही. देवाच्या घराची राखण करणे हे चांगलेच काम आहे.

भिंत झाली. फाटकाला संध्याकाळी सात वाजता कुलूप लागू लागले. त्या घरांतील एक म्हातारी बाई कामावरून उशिरा परतते. ती रिकामी कळशी घेऊन फाटकाशी उभी असलेली आम्ही दोनदा पाहिली. एकदा आम्ही किल्ली आणवून दार उघडून दिले. दुसऱ्यांदा आम्हांला प्रार्थनासभेस जाण्याची घाई होती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका लग्नासाठी भुसावळला जाणे झाले. भुसावळहून खांडव्याच्या वाटेवर बऱ्हाणपूर फार दूर नाही, म्हणून एक दिवस तेथे घालवला. ज्या वाचकांनी हे शहर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. हे तापीच्या काठी वसलेले शहर. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासीरखानाने इ. स. १४०० च्या सुमारास ते वसवले आणि बुऱ्हाणुद्दीन या संताचे नाव त्याला दिले. पुढे मोगलांच्या काळात ते दक्षिणेचे दार झाले. दिल्ली-आग्र्याकडून दख्खनेत येणारी फौज, व्यापारी, वकील सारे येथून जात. शाहजहानची बेगम मुमताज हिचा १६३१ साली येथेच अंत झाला. आज हे मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याचे ठिकाण आहे. २००३ साली पूर्व निमाडपासून हा जिल्हा वेगळा झाला. बाजारात हिंदी, उर्दू आणि आपली मराठी एकाच दुकानात कानी पडते.

शहराच्या तटाचे अवशेष आणि जुन्या वेशी अजून उभ्या आहेत. शनवारा दरवाज्याखाली रिक्षांच्या गर्दीत उभे असताना मनात आले की या दाराने कोणाला आत घेतले असेल आणि कोणाला बाहेर ठेवले असेल? या प्रश्नाचे उत्तर बऱ्हाणपूरच्या इतिहासात दोन ठिकाणी सापडते, आणि ती दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिला प्रसंग १६०० सालचा. अकबर बादशहा खानदेशवर चालून आला. त्या वेळी बहादूरशाह फारुकी राज्य करीत होता. त्याने शहर लढवले नाही. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर सातपुड्याच्या धारेवर अशीरगड आहे. तेव्हाचे लोक त्या गडाला अजिंक्य मानीत. राजा त्या गडावर जाऊन बसला आणि दारे लावून घेतली. अकबराने बऱ्हाणपुरात बिनविरोध प्रवेश केला. गड मात्र पुष्कळ महिने लढला आणि जानेवारी १६०१ मध्ये पडला. तो कसा पडला याविषयी त्या काळचे वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत. गडावर दाटी होऊन रोगराई माजली असे कोणी लिहितात, तर पैसे चारून माणसे फोडली असे कोणी लिहितात. अकबराच्या सहवासात असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात बादशहाने दिलेली शपथ मोडली असे आहे. शेवटी बहादूरशाह कैद होऊन ग्वाल्हेरला गेला आणि फारुकींचे राज्य बुडाले. आमचे लक्ष येथे एकाच गोष्टीकडे आहे. त्या वर्षी सुरक्षितपणाची रेघ अशीरगडाच्या तटावरून गेली होती, आणि सारे बऱ्हाणपूर शहर त्या रेघेच्या बाहेर होते.

दुसरा प्रसंग १६८१ सालचा. छत्रपती संभाजी महाराजांचा राज्याभिषेक त्याच वर्षी जानेवारीच्या मध्यास झाला होता. महिना संपतो न संपतो तोच मराठ्यांची फौज हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली अचानक बऱ्हाणपूरवर आली. सुभेदार खानजहान शहरात नव्हता. त्याचा नायब काकरखान होता आणि त्याच्या हाताशी अगदी थोडे शिपाई होते. बऱ्हाणपूर तेव्हा भरभराटीत होते. वस्ती कोटात न मावून बाहेर पसरली होती. शहराबाहेर बहादूरपुरा नावाचा मोठा पुरा होता, तेथे सराफ आणि व्यापारी राहत. आणखी सतरा पुरे होते. बहादरपूर हे नाव आजही शहराजवळच्या गावाला आहे. काकरखानाने कोटाची दारे लावून घेतली आणि बुरुजांवर माणसे ठेवली. कोट टिकला. बाहेरचे पुरे तीन दिवस लुटले गेले.

त्या तीन दिवसांचे वर्णन खाफीखान या इतिहासकाराने केले आहे. तो मोगलांच्या पक्षाचा, आणि त्याने हे कित्येक वर्षांनंतर लिहिले. म्हणून त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानता येणार नाही. तरी त्याने लिहिलेल्या काही गोष्टी मनातून जात नाहीत. हल्ला इतका अवचित आला की पुऱ्यांतील लोकांना काही हलवता आले नाही. शहरातल्यांना बाहेरच्या वस्तीचा धूर दिसत होता. कोणी बायकामुलांचे हात धरून कोटाकडे धावले. अब्रूच्या भीतीने काहींनी आपल्याच घरच्या स्त्रियांवर तलवार चालवली आणि मग ते लढून मेले. लुटणाऱ्यांना सोने, रुपे, जवाहीर इतके मिळाले की भांडीकुंडी, धान्य, वापरलेले कपडे त्यांनी रस्त्यांत टाकून दिले. खानजहान बातमी कळताच निघाला खरा, पण वाटेत फर्दापुरास थांबला. मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेले.

आम्ही मराठी माणसे. शाळेत आम्ही हा प्रसंग पराक्रम म्हणून शिकलो, आणि ज्या बादशाहीने स्वराज्य गिळण्याचा चंग बांधला होता तिची तिजोरी फोडणे हा त्या युद्धाचा भाग होता हे आम्ही जाणतो. त्याविषयी निवाडा देणे हा या लेखाचा विषय नाही. परंतु आपल्या बाजूचा जय झाला म्हणून त्या तीन दिवसांत बहादूरपुऱ्यात असलेल्या आयाबहिणी आपल्या लेखी नाहीतच, असे प्रभू येशूच्या शिष्याला म्हणता येत नाही. लुटणाऱ्याचा हिशेब लुटणाऱ्याला द्यावा लागेल. आज आपल्याला दार लावणाऱ्याविषयी विचार करावयाचा आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना लुटारू होण्याची संधी कधी येत नाही. दार लावण्याची संधी मात्र रोज येते.

काकरखानाचे चुकले काय? आपण त्याच्या जागी उभे राहून पाहू. शिपाई मूठभर, समोर हजारोंची फौज. दार उघडे ठेवावे तर पळून येणाऱ्या लोकांच्या पाठोपाठ घोडेस्वार आत शिरतील आणि शहरही जाईल. बाहेर पडून लढावे तर दोन घटकांत सारे मारले जातील, आणि मग कोटावर कोणी राहणार नाही. जे वाचवता येईल ते वाचवावे, सर्वांस वाचवता येत नाही म्हणून कोणासच वाचवू नये असे नाही, हे त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. ज्याच्यावर पहाऱ्याची जबाबदारी आहे त्याने भावनेच्या भरात पहारा सोडणे हे पुण्य नव्हे. आम्ही त्या घटकेला तेथे असतो तर आम्हीही अडसर लावायला हात दिला असता.

मग दोष कोणाचाच नाही काय? येथे आम्हांला असे वाटते की आपण नेहमी चुकीच्या घटकेकडे पाहतो. दार लावण्याची घटका सर्वांच्या डोळ्यांत भरते. तीत धूर असतो, आरडाओरड असते, शूर कोण आणि भित्रा कोण हे ठरवता येते. पण त्या घटकेला निवड करण्याजोगे फारसे काही उरलेलेच नसते. खरी निवड त्यापूर्वी कितीतरी वर्षे झालेली असते. कोट कोठून कोठवर घालायचा, पहारा कोणाच्या दाराशी ठेवायचा, पुरे वाढू लागले तेव्हा त्यांच्या राखणीची तरतूद करायची की नुसता त्यांचा कर घ्यायचा, या गोष्टी शांततेच्या दिवसांत ठरतात. तेव्हा शत्रू दिसत नसतो. हातात मोजपट्टी आणि हिशेबाची वही असते. त्या वेळी कोणी कोणाला टाकून देत आहे असे कोणालाच वाटत नाही. बहादूरपुरा ३० जानेवारी १६८१ रोजी वेशीबाहेर पडला नाही. तो ज्या दिवशी वसला आणि कोणी त्याची फिकीर केली नाही, त्या दिवशीच बाहेर पडला होता. काकरखानाने अडसर घातला तो फार पूर्वी ओढलेल्या रेघेवर.

आणि आता ते दोन प्रसंग एकत्र पाहा. १६०० साली राजा गडावर बसला तेव्हा बऱ्हाणपूर बाहेर राहिले. त्या दिवशी बऱ्हाणपूरच्या माणसांना वेशीबाहेर असणे म्हणजे काय हे पुरते कळले असेल. पण ८१ वर्षांनी तेच शहर आत होते, आणि बाहेर बहादूरपुरा होता. जे एकदा बाहेर राहिले होते त्यांच्याच नातवा-पणतवांनी आतून अडसर लावला. आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते. बाहेर राहण्याचे दुःख भोगल्याने माणूस आपोआप दयाळू होत नाही. पुष्कळदा त्याला एवढीच घाई होते की पुढच्या वेळी आपण आत असावे.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठितांनी व उलेमांनी औरंगजेबाला अर्ज पाठवला की आमचे जीवित, मालमत्ता व अब्रू राखली जात नसेल तर आम्ही जुम्याची नमाज बंद करू. म्हणजे ज्या प्रार्थनेत बादशहाचे नाव घेतात तीच होणार नाही. बादशहाला हे झोंबले. त्याच सुमारास त्याचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि नोव्हेंबर १६८१ मध्ये बऱ्हाणपुरात दाखल झाला. लोकांनी संरक्षण मागितले होते. त्यांच्या दाराशी सारी बादशाही छावणी आली. तेथून जे युद्ध सुरू झाले ते २५ वर्षांहून अधिक काळ चालले. औरंगजेब १७०७ साली अहमदनगराजवळ वारला. उत्तरेस परत गेला नाही. त्या युद्धात दख्खनची किती गावे उजाड झाली ते आपल्या पूर्वजांनी पाहिले.

आज जो विटांचा तट आणि ज्या वेशी आपण बऱ्हाणपुरात पाहतो, त्या या लुटीनंतर ५० वर्षांनी, १७३१ साली, निजाम आसफजाहने बांधल्या. भक्कम काम आहे. पण १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर शहर तहाने पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांचा कर्नल स्टीव्हनसन आला तेव्हा ते न लढताच त्याच्या हाती पडले. एवढा तट बांधला, पण जेव्हा शहराचे धनी बदलले तेव्हा तो कामास आला नाही.

मग बऱ्हाणपूर आजवर जगले कशावर? याचे एक उत्तर शहराबाहेर काही अंतरावर जमिनीखाली आहे. त्याला कुंडी भांडारा म्हणतात. अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली असे सांगतात. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारात गोळा करून निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणले आहे. मोट नाही, रहाट नाही. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या आहेत, त्या शंभराहून अधिक असल्याचे सांगतात. आता एका कुंडीत पाळण्याने खाली उतरता येते. खाली गार अंधार आहे आणि पायाशी पाणी वाहत असते. चारशे वर्षे झाली, ते वाहतेच आहे.

तेथे उभे असताना मनात आले की हे पाणी कोट ओळखत नाही. ते कोटाबाहेर उगम पावते, कोटाबाहेरून वाहत येते आणि मग आत शिरते. शहर आपल्या बाहेरच्या जगापासून स्वतःला राखू पाहते, पण ज्या पाण्यावर ते जगते ते बाहेरचेच. धान्य बाहेरचे, सरपण बाहेरचे, आणि ज्या मजुरांनी त्या अंधारात गुडघाभर पाण्यात उभे राहून भुयार खोदले ते बहुधा बाहेरचेच. खानखानाचे नाव राहिले, इराणी जाणकाराचे नाव राहिले. खोदणाऱ्यांचे एकही नाव राहिले नाही. उपदेशकाने सांगितलेला विसर तो हाच.

येथेच आम्हांला ती न पाहिलेली बाब उमगली. उपदेशकाच्या गोष्टीतील नगर वाचले, कारण तो गरीब शहाणा मनुष्य नगराच्या आत होता. त्याला मान नव्हता, पण त्याला जागा होती. वेढा पडण्यापूर्वी कोणी आखणी करताना त्याचे घर वेशीबाहेर ठेवले असते तर? नगराची दारे लागली असती, तटावर पहारेकरी उभे राहिले असते, आणि ज्याच्याकडे सुटकेची युक्ती होती तोच बाहेर राहिला असता. आपण गरिबाला आत घेतो ते त्याच्यावर उपकार म्हणून, असे आपण समजतो. पवित्र शास्त्र सांगते की आपले तारण कदाचित त्याच्याच हाती असेल.

कोणी म्हणेल, शास्त्रात नहेम्याने तट बांधला आणि देवाने त्या कामास आशीर्वाद दिला, मग तटाविरुद्ध का बोलता? आम्ही तटाविरुद्ध बोलत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तर आमची विनंती आहे की नहेम्याचा धडा शिकवताना ५२ दिवसांत तट पुरा झाला एवढेच मुलांना सांगून थांबू नका. चौथ्या अध्यायाच्या शेवटी पाहा. संकट वाढले तेव्हा नहेम्याने बाहेर राहणाऱ्यांना सांगितले की रात्री यरुशलेमेतच मुक्कामाला या. म्हणजे तुम्ही रात्री पहारा कराल आणि दिवसा काम कराल. ज्यांना काकरखानाने ओझे मानले असते त्यांना नहेम्याने पहारेकरी केले. आणि पाचव्या अध्यायात काय आहे? तट अर्धवट असताना गरिबांनी आक्रोश केला की आमची शेते गहाण पडली, आमची मुले दास झाली. नहेम्याने काम पुढे रेटले नाही. त्याने प्रथम सावकार बांधवांना जाब विचारला आणि शेते परत करवली. आतल्या माणसांना एकमेकांपासून राखल्यावाचून बाहेरच्या शत्रूपासून राखण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक होते. जखऱ्या संदेष्टा तर याहून पुढे जातो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात एक तरुण यरुशलेम मोजण्यास हाती सूत्र घेऊन निघतो, आणि त्याला सांगण्यात येते की माणसे व गुरेढोरे इतकी वाढतील की हे नगर तटाविना गावासारखे वसेल, आणि स्वतः परमेश्वर त्याच्या सभोवती अग्नीचा कोट होईल. मोजण्याचे सूत्र हाती असलेल्या प्रत्येक पंचाने तो अध्याय वाचावा.

यापुढचे सांगताना आमची मान खाली जाते. आमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कोठून आले? गावकुसाबाहेरून. गावाला वेस होती, वेशीला दार होते, आणि ते दार आपल्यासाठी नव्हते. विहीर आत होती; आपल्या आज्या बाहेर मडके घेऊन उभ्या राहत आणि कोणी वरून पाणी ओतील तेव्हा ते घेत. त्यांना कोणी सांगितले की ज्याच्या नावाने आम्ही येतो तो तुमच्याच बाजूला, बाहेर आहे. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात हेच आहे. प्रभू येशूने वेशीच्या बाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ आणि त्याचा अपमान वाटून घेऊ, असे लेखक म्हणतो. आपल्या पूर्वजांना या वचनाचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही. वेशीबाहेर म्हणजे कोठे हे त्यांना ठाऊक होते. उपदेशकाच्या गोष्टीत नगराला वाचवणारा निदान आत तरी होता. येथे मात्र नगराने आपल्या तारणाऱ्याला बाहेर नेले आणि तो तेथूनच नगराला वाचवून गेला.

आणि आता आपण बऱ्हाणपूरसारखे झालो आहोत. जे बाहेर होते ते देवाच्या कृपेने आत आले. शाळा झाली, नोकरी झाली, मंदिर झाले, आवार झाले, नळ झाला. पुढच्या आखणीच्या वेळी मोजपट्टी आपल्या हाती आली आणि आपण रेघ अशी ओढली की कळशी घेऊन उभी असलेली बाई पुन्हा बाहेरच राहिली. ती बाई आमच्या आजीसारखी दिसते हे आम्हांला त्या भुयारात उतरल्यावर कळले. फाटकाशी दोनदा पाहूनही कळले नव्हते.

घरी परतल्यावर आम्ही पंचांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. भिंत पाडा असे आम्ही म्हटले नाही. चोऱ्या खऱ्याच झाल्या होत्या. मागच्या बाजूने त्या तीन घरांसमोर एक लहान दार पाडावे आणि त्याची एक किल्ली त्या घरांकडे द्यावी, एवढेच मागितले. सभेत बराच वाद झाला. किल्ली बाहेर गेली तर राखण कसली, असे एकाने विचारले. ज्या वडिलांनी पहिल्या सभेत आक्षेप घेतला होता ते म्हणाले की त्या तिन्ही घरांतील माणसे रात्री-अपरात्री जागी असतात. आवाराकडे लक्ष ठेवण्यास त्यांच्याहून जवळचे कोण आहे? नहेम्याचे नाव त्यांनी घेतले नाही, पण उत्तर नहेम्याचेच होते. दार पाडावे असे ठरले. किल्लीचा प्रश्न पुढच्या सभेवर ठेवला आहे. तोवर संध्याकाळी कुलूप उशिरा लावण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे. यात आम्ही काही मोठे केले असे नाही. आमच्या हाताने जे झाले त्याचीच ही थोडीशी परतफेड आहे.

वाचकहो, आपल्यावर चालून येणारी फौज बहुधा कधी येणार नाही. पण आपल्या मंडळीत, संस्थेत, घरात आखणी रोजच चाललेली असते. वर्गणी न भरणाऱ्याचे नाव यादीत ठेवायचे की नाही, परगावाहून मजुरीला आलेल्या कुटुंबाचे मूल शब्बाथशाळेत कोठे बसवायचे, घरकामाला येणाऱ्या बाईने पाणी कोणत्या पेल्यातून प्यायचे, या साऱ्या रेघाच आहेत. त्या शांततेच्या दिवसांत ओढल्या जातात आणि संकटाच्या दिवशी त्यांवर अडसर पडतो. तेव्हा पश्चात्ताप करून उपयोग नसतो, कारण बाहेर धूर दिसू लागलेला असतो. म्हणून आजच, हाती मोजपट्टी असताना, आपण एकदा भिंतीच्या पलीकडे जाऊन उभे राहावे आणि तेथून आपल्या दाराकडे पाहावे. आपल्या आधी तेथे कोण जाऊन उभा आहे हे प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यास ठाऊक आहे.